अरुंधती आणि फिरतं भिंग

फार फार वर्षांमागे, मुलांनो आणि मुलांच्या आयांनो, एका डोंगरगावात सप्तर्षींचं देऊळ होतं. देवळाच्या ओट्यावर पितळेची एक जुनी दुर्बीण असे. ऋषिपंचमीला व्रत करणाऱ्या बाया दिवेलागणीला तिथे जमत, वसिष्ठ ऋषींचा तारा आणि त्याला बिलगून असलेली अरुंधती बघत, हात जोडत आणि मगच फराळाला बसत.

दुर्बीण सांभाळायचा मान दोन जावांच्या घराकडे होता. त्या वर्षी थोरलीच्या व्रताचं उद्यापन होतं. पण तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. वैद्यबुवा म्हणाले होते, "पुढची पंचमी दिसेल असं काही सांगवत नाही."

धाकटीच्या जिवाला घोर लागला. ती म्हणाली, "अक्का, लग्नात तरी नीट पाहिली होतीत ना हो अरुंधती?"

"कुठली गं! भटजींनी विचारलं, दिसली? मी म्हटलं, दिसली. पंगत खोळंबली होती, नि मलाही भूक लागली होती." थोरली हसली. मग हळूच म्हणाली, "पुढे दर पंचमीला मी बायांना दाखवायला उभी. माझी पाळी येईतो ढग हजर."

म्हणजे थोरलीने अरुंधती कधी पाहिलीच नव्हती!

दुर्बिणीला डोळा लावायच्या जागी बसवायची दोन भिंगं घरात होती. एकातून आभाळाचा मोठा तुकडा दिसे, पण तारे लहान. दुसऱ्यातून एकच तारा जवळ येई, आजूबाजूचं सारं बाहेर राही. एक काढून दुसरं बसवायचं म्हणजे खटपट. धाकटीला वाटे, या काढघालीतच ढग येतात.

तेवढ्यात गावात भिंगवाला आला. "वहिनी, हे फिरतं भिंग बघा. कडं फिरवलं की लहानाचं मोठं. जुनी दोन्ही मला द्या, हे ठेवून घ्या."

धाकटीने ते दुर्बिणीला बसवून समोरच्या टेकडीवरचा झेंडा पाहिला. कडं फिरवताच झेंड्याची शिवणसुद्धा दिसली. ती हरखली. तरी म्हणाली, "पंचमीपर्यंत इथे ठेवून जा. मग सांगते."

पंचमीला दिवसभर झड होती. संध्याकाळी मात्र उत्तरेकडे आभाळ उघडलं. बाया म्हणाल्या, "आज आधी थोरल्या काकू." थोरली चौरंगावर बसून दुर्बिणीला डोळा लावून वाट बघू लागली. धाकटीने फिरतं भिंग बसवलं होतं, पण त्यातून आभाळ दिसे ते चिंचोळंच. शोधताशोधता तिला घाम फुटला. शेवटी तारा सापडला.

"दिसली?"

"काहीतरी आहे गं. अंधुक."

"थांबा, मोठं करते." तिने कडं फिरवलं. चित्र विस्कटलं, ते पुन्हा जुळवावं लागलं.

"आता एकच ठिपका आहे. ही ती, की तो?"

"अजून मोठं करते, मग कळेल." पुन्हा फिरवलं. दुर्बिणीला धक्का बसला, तारा निसटला, आणि वर ढग आला.

"चला, हात जोडा. पोरंबाळं उपाशी आहेत," कुणीतरी म्हणालं.

थोरली उठू लागली. "जाऊ दे गं. दिसली म्हणते. एकदा म्हटलंय, आणखी एकदा."

ते ऐकून धाकटीने कड्यावरचा हात काढला. ती ओट्यावर टेकली. 'आपण मोठं काय करत बसलो? अरुंधती मोठी बघायची नाहीच. वसिष्ठांच्या शेजारी बघायची. शेजारच बाहेर ढकलला, तर ओळखणार कशी?'

तिने फिरतं भिंग काढलं, मोठा तुकडा दाखवणारं जुनं भिंग बसवलं, दुर्बीण ढगाआडच्या त्याच जागेवर रोखली आणि म्हणाली, "अक्का, बसा. आता मी हात लावणार नाही."

फराळाची पानं थांबली. बायाही थांबल्या. थोड्या वेळाने ढगाला फट पडली.

थोरलीचा हात धाकटीचा पदर शोधू लागला.

"अगं, दोघं आहेत! तो ठसठशीत, नि ती अशी जवळ... पूजेला पाटावर बसल्यासारखी."

"आणखी जवळ आणू?"

"नको गं बाई. हलवू नकोस."

दुसऱ्या दिवशी धाकटीने फिरतं भिंग परत केलं. भिंगवाला हिरमुसला. "वाईट आहे का, वहिनी?"

"वाईट कशाने? पौर्णिमेला घेऊन या, मुलांना चंद्र दाखवू. आमच्या देवळात मात्र काय बघायचं ते ठरलेलं आहे."

पुढच्या वर्षी थोरलीची नजर गेली. पण दर पंचमीला ती ओट्यावर येई आणि नव्या सुनांना सांगे, "आधी वसिष्ठ शोधा गं. ती तिथेच असते, मी पाहिलीय." आणि हे तिचं बोलणं खरं होतं.

म्हणून सांगते, काय पाहायचं ते आधी मनाशी ठरवावं, मग भिंग निवडावं.