आत्याचं कुर्र

घरोघरी वायफाय नवं होतं तेव्हाची गोष्ट. सिंधूआत्याच्या फळीवर जुन्या मोडेमशेजारी नवा राउटर आला. घरातल्या यंत्रांना इंटरनेटसाठी लागणारे ओळखीचे नंबर कोणी वाटायचे, यावरून दोघांची जुंपली आणि दोघेही वाटत सुटले.

त्याच दिवशी परदेशात आत्याच्या भाचीचं बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून ती इरकल नेसून, व्हिडिओ कॉल लावून टॅबलेटसमोर बसली. तिने तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. टॅबलेटला आणि टीव्हीला एकच नंबर मिळाला होता. तिकडे शेजारणीने नाव सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. "मोडेमने नुसतं इंटरनेट आत आणायचं, वाटायचं राउटरने," म्हणत त्याने दोन बटणं दाबली.

"एवढंच होतं?" राउटरने विचारलं.

"एवढंच. काल मीच गप्प बसायला हवं होतं," मोडेम म्हणाला.

चित्र आता स्वच्छ दिसत होतं. आत्याने टॅबलेटला ओठ लावून हळूच "कुर्रऽऽ" केलं. तिकडे बाळ झोपलं होतं.