वरची ओळख

मिरजेच्या भूपाल आण्णांची नात प्रज्वला नर्स होती आणि तिला कॅनडाला जायचं होतं. व्हिसाची कामं करणाऱ्या नेर्लेकरांनी तिचा पासपोर्ट मागितला. ती देणार, तोच आण्णा म्हणाले, "साहेब, आधी तुमचा नोंदणी नंबर सांगा. खरा आहे का बघतो."

नेर्लेकर कोट सावरत हसले. "आजोबा, नंबर किरकोळ माणसांना लागतो. आपली थेट वर ओळख आहे."

आण्णांनी छताकडं पाहिलं. "वर तर माझी तुमच्यापेक्षा जास्त ओळख आहे. बायको, भाऊ, तालमीतले सगळे दोस्त वरच आहेत. पण पोरीला तिकडं नाही, कॅनडाला पाठवायचंय."

प्रज्वलानं पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. आलेला चहा मात्र आण्णांनी बशीत ओतून सावकाश संपवला, मगच उठले.