टपावरचे चरे

“पण धुलाईच्या मशीननं गाडी खराब होते की नाही, एवढंच सांगा ना!”

भूपाल माणगावे हे चौथ्यांदा विचारत होता.

दस्तगीर उस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली. मिरजेत पन्नास वर्षं त्यांनी गाड्यांना रंग दिला, पॉलिश केलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू होता. हातात काम नव्हतं, पण शेड उघडी असायची.

“होते,” उस्ताद म्हणाले.

भूपाल खुर्चीतून अर्धा उठला. “म्हणजे मी बरोबर होतो!”

“नाहीपण होत.”

“उस्ताद…”

“आधीच्या गाडीची वाळू मशीनच्या फिरत्या ब्रशांत, झुपक्यात, अडकली असेल तर पुढच्या गाडीला घासते. तुझी गाडी चिखलानं माखलेली असेल आणि आधी पाणी मारलं नसेल, तर तिचीच वाळू तिलाच घासते. मशीन झुपक्याचं होतं की नुसत्या फवाऱ्याचं?”

“ते… विचारलं नाही.”

“कुणाला?”

“सन्मतीला.”

सन्मती त्याची एकुलती एक मुलगी. निपाणीला दिलेली.

उस्तादांनी कपाळावर हात मारला. “तीन महिने पोरीशी बोलत नाहीस. आणि मशीन कुठलं होतं ते विचारलं नाहीस?”

भूपालनं खुर्ची पुढे ओढली.

तो जयसिंगपूरचा. साखर कारखान्यात केमिस्ट होता. गाडी घेतली ती पंचावन्नाव्या वर्षी. काळी, कोरी, आयुष्यातली पहिली. मग दोन वर्षं दर रविवारी तो उस्तादांकडे येऊन पॉलिश शिकला. शिकला चांगलं, पण लवकरच शहाणाही झाला. शेजाऱ्याच्या गाडीवर बोट ठेवून दोष दाखवायचा. कुणी बॉनेटला टेकलं तर चहा अर्धा सोडून धावायचा.

त्याच्या वाढदिवसाला सन्मती माहेरी आली होती. बापाला न सांगता ती गाडी धुऊन घेऊन आली. मशीनवर.

भूपालनं भर अंगणात, पाहुण्यांसमोर तोंड सोडलं. गाडीवर चरे दिसत होते, उन्हात जाळ्यासारखे. “सात वर्षं जपली, एका सकाळीत वाट लावलीस,” असं म्हणाला. आणखीही बरंच म्हणाला.

सन्मती एवढंच बोलली, “अप्पा, तुम्ही गाडीच सांभाळा.” आणि संध्याकाळच्या एसटीनं निपाणीला गेली.

आता येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण होतं.

“बायको म्हणते, चला,” भूपाल म्हणाला. “मी म्हटलं, आधी तिनं चूक कबूल करावी. मग येतो. तुम्ही एकदा बघून सांगा, चरे मशीनचेच आहेत म्हणून. तुमचा शब्द ती मोडणार नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“असं कसं म्हणाल? गाडी बाहेर उभी आहे. बघा की.”

“मला दिसत नाही.”

“मग?”

“तू बघ. मला सांग.”

भूपालनं दात आवळले. हे नेहमीचंच होतं. साधा प्रश्न विचारावा, तर उस्ताद कामाला लावायचे. “सगळं बघितलंय मी. शंभर वेळा.”

“एकशेएकाव्यांदा बघ.”

दोघं बाहेर आले. उन्हं तिरपी झाली होती. काळ्या रंगावर बारीक चरे चमकत होते.

“कुठं आहेत?” उस्तादांनी विचारलं.

“सगळीकडे. बॉनेटवर. दारांवर.”

“टपावर?”

“टपावरही.”

“टपावर कुठवर?”

“कुठवर म्हणजे? सगळ्या…” भूपाल टाचा उंचावून बघू लागला. थांबला. बाजूला जाऊन पुन्हा बघितलं.

“बोल की.”

“मधोमध नाहीत.”

“किती जागेत?”

“वीतभर पट्टा आहे. पुढून मागपर्यंत… स्वच्छ.”

“बोट ओलं कर. चरे संपतात तिथं खूण कर.”

भूपालनं नळावर बोट भिजवलं, वाकून टपावर पाण्याचा ठिपका ठेवला. मग गाडीला वळसा घालून पलीकडूनही ठेवला.

“आता इकडं ये. रोज पुसतोस तसा हात फिरव.”

“त्याचा काय संबंध?”

“फिरव.”

भूपाल गाडीपाशी उभा राहिला. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल रंगाला लागू नये म्हणून त्यानं सवयीनं पोट आत घेतलं, पाय मागे ठेवले. हात लांबवला.

बोटांची टोकं ओल्या ठिपक्यावर थांबली.

त्यानं हात मागे घेतला.

“पलीकडून,” उस्ताद म्हणाले.

“नको.”

“पलीकडून, भूपाल.”

तो गेला. हात लांबवला. बोटं दुसऱ्या ठिपक्यावर थांबली.

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्याची धूळ येऊन गाडीवर बसली. भूपालचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

“झुपके टपाच्या मधोमधही फिरतात,” उस्ताद म्हणाले. “त्यांना बक्कल नसतं.”

“मी फार हळू पुसतो, उस्ताद.”

“कधी?”

“रोज सकाळी.”

“पाणी मारून?”

“रोज कुठलं पाणी… आमच्याकडं नळाला चार दिवसांआड येतं. कोरडंच. पण फडकं साधं नाही, परदेशी आहे.”

“धूळ जयसिंगपूरचीच ना?”

भूपालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “तुम्ही हे आधीच ओळखलं होतं. मघाशीच का नाही सांगितलं? तासभर मला…”

“तुला दोन वर्षं सांगत होतो. आधी पाणी, मग हात. तू मान हलवायचास.”

“पण मशीन…”

“अरे, पुन्हा मशीन!” उस्ताद एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचा पंक्चरवाला बाहेर आला. “मला मशीनचं विचारू नकोस. जे पोरीला विचारायचं ते तिला विचार. चल, फोन काढ.”

“आता? इथं?”

“मग काय मक्केला जाऊन करणारेस?”

भूपालनं फोन काढला. नंबर लावला. दोनदा कट केला. तिसऱ्यांदा वाजू दिला.

“अप्पा?” पलीकडून सन्मतीचा आवाज आला. घाबरलेला. “आई बरी आहे ना?”

“बरी आहे.” तो घुटमळला. तोंडातून भलतंच बाहेर पडलं. “ते मशीन कुठलं होतं गं? झुपक्याचं की फवाऱ्याचं?”

उस्तादांनी डोळे मिटून मान वर केली.



“तीन महिन्यांनी फोन केलात… हे विचारायला?”

“नाही. म्हणजे… त्या दिवशी विचारायला हवं होतं. राहिलं.”

“फवाऱ्याचं,” सन्मती म्हणाली. “झुपके नव्हते. जयसिंगपूरचं झुपक्याचं आहे म्हणून कोल्हापूरपर्यंत गेले होते. तुमच्या गाडीला काही लागू नये म्हणून.”

भूपालनं टपावर हात टेकला. कधी टेकत नसे.

“सन्मती…”

“हं.”

“चरे माझे आहेत. माझ्या हाताचे.”

भूपालनं फोन दुसऱ्या कानाला लावला. तिचा श्वास ऐकू येत होता.

“मी सगळ्यांदेखत तुला… ते चुकलं माझं.”

“रविवारी बाराला जेवण आहे,” ती म्हणाली. आवाज अजून कोरडाच होता. “आईला सांगितलंय.” फोन बंद झाला.

भूपालनं फोन खिशात ठेवला. नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं. परत आला तेव्हा डोळे लाल होते, पण चालण्यात जरा जीव आला होता.

“ये म्हणाली,” तो म्हणाला.

“जेवण बाराला आहे म्हणाली,” उस्ताद म्हणाले.

भूपाल गाडीभोवती एक फेरी मारून आला. हाताला काहीतरी काम असल्याशिवाय त्याला राहवेना. “रविवारच्या आत हे चरे घालवायला हवेत. ही गाडी अशी तिच्या दारात नको. बाजारात नवं मेण आलंय, उस्ताद. म्हणतात, चरे भरून निघतात. लावू?”

उस्ताद शेडच्या उंबऱ्यापर्यंत गेले होते. ते वळले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी आवाजाच्या दिशेनं बघितलं.

“चरा भरत नसतो, भूपाल… भोवतालच्या रंगालाच घासून घेत त्याच्याइतकं खाली उतरावं लागतं.”