बेस गिटारवरचा पापुद्रा

एकदा एका शहरात एक वृद्ध वादक राहत होता. त्याने जन्मभर वाद्यांखेरीज दुसरे काही जमवले नाही. तेही जमवले म्हणणे चूकच, कारण हाती आलेले वाद्य तो काही काळाने विकून टाकत असे. शहराचे नाव मी सांगत नाही. नाव सांगितले की लोक गोष्ट सोडून पत्ता शोधू लागतात.

सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवीत. चार जाड तारांचे हे वाद्य मंचावर मागे उभे असते. गायकाचे कौतुक होते, ढोलकीला टाळ्या मिळतात, बेसकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण तो थांबला तर गाणे लुळे पडते. मास्तरांची रीत ठरलेली होती. जुन्या काळची एखादी बेस गिटार कुठे पडून आहे असे कळले की ती विकत घ्यायची, दुरुस्त करायची, गणपतीपासून लग्नसराईपर्यंत एक मोसम कार्यक्रमांत वाजवायची आणि मोसम संपला की दुसऱ्या वाजवणाऱ्याला विकायची. घेणाऱ्याने आधी समोर बसून वाजवून दाखवले पाहिजे, ही त्यांची अट. वाजवताना पडलेल्या ओरखड्यांचे पैसे ते स्वतःहून किमतीतून कमी करीत. जुन्या वाद्यांच्या बाजारात मात्र जे कमीत कमी वाजले त्यालाच जास्तीत जास्त भाव. त्यामुळे जाणकार मंडळी मास्तरांना खुळ्यात काढत, आणि मास्तरांना त्याचे सोयरसुतक नव्हते.

त्यांची एक शिष्या होती. दिवसा एका दवाखान्यात केसपेपर काढायची आणि संध्याकाळी मास्तरांच्या खोलीवर शिकायला यायची. हुशार, जरा तापट, आणि मास्तरांवर अपार माया असलेली. थंडीत मास्तरांच्या डाव्या हाताची बोटे आखडतात, सकाळी शर्टाची बटणेही लागत नाहीत, हे तिच्या नजरेतून सुटले नव्हते. हात गेला की हा माणूस खाणार काय, या विचाराने ती हैराण होत असे.

एके दिवशी मास्तर तिला घेऊन एका बाईंकडे गेले. बाईंचे यजमान बोटीवर अधिकारी होते. तरुणपणी परदेशातल्या एका बंदरात त्यांनी एक बेस गिटार घेतली आणि निवृत्त झालो की शिकेन म्हणाले. सुट्टीवर आले की पेटी उघडायची, मऊ फडक्याने गिटार पुसायची, पेटी बंद करायची. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आधी चांगला शिकवणारा तर मिळू दे. आणि मग एके दिवशी ते गेलेच.

बाईंनी पेटी उघडली आणि शिष्या बघतच राहिली. गिटार कालच दुकानातून आणल्यासारखी होती. तारांखालच्या पांढऱ्या पट्टीवर कारखान्यात चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रासुद्धा जागचा हलला नव्हता. नव्या रिमोटवर असतो ना, आणि जो आपण वर्षानुवर्षे काढत नाही, तसाच.

मास्तरांनी खरे ते सांगितले. "एखाद्या संग्राहकाला दिलीत तर याच्या कितीतरी पट मिळतील. मला एवढेच परवडतात."

"आला होता एक. हे असताना," बाई म्हणाल्या. "पेटीचे फोटो काढून गेला. तुम्हीच घेऊन जा." मग दारापर्यंत येऊन त्यांनी हळूच विचारले, "हिचा आवाज कसा असतो हो? इतकी वर्षं घरात होती, पण मी कधी ऐकलाच नाही."

मास्तरांनी पेटी उचलली.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. तो संग्राहक मास्तरांच्या खोलीचा जिना चढून आला. मोठा व्यापारी, बोलायला गोड, हातांत पांढरे सुती हातमोजे. बंगल्यात काचेच्या कपाटांत त्याने अशा वाद्यांच्या रांगा लावल्या होत्या. गिटारवर झुकून तो कितीतरी वेळ नुसता पाहत राहिला. त्याचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही.

"मास्तर, हा पापुद्रा पाहिलात? अशी दुसरी अख्ख्या देशात नसेल."

"तुम्ही काय वाजवता?" मास्तरांनी विचारले.

"मी वाजवत नाही. मी जपतो."

मग त्याने किंमत सांगितली. ती ऐकून शिष्येच्या हातातला चहा बशीत सांडला. तेवढ्या पैशांत मास्तरांचे उरलेले आयुष्य औषधपाण्यासकट निवांत गेले असते. तिने मास्तरांकडे पाहिले आणि डोळ्यांनीच विनवले, हो म्हणा.

"अट एकच," व्यापारी म्हणाला. "हा पापुद्रा असाच राहिला पाहिजे. आणि वाजवायची नाही. हा आहे तोवर हा भाव."

"आणि निघाला तर?"

"तर मग ती नुसती एक जुनी गिटार, मास्तर."

मास्तर गिटारकडे पाहत बसले. मग त्यांनी पट्टा खांद्यावर चढवला, अंगठ्याचे नख पापुद्र्याच्या कोपऱ्याखाली सरकवले आणि एका दमात तो सोलून काढला. त्याचा बोळा करून केराच्या टोपलीत टाकला.

"अहो! अहो, काय केलंत हे!" व्यापारी ताडकन उठला.

मास्तरांनी शांतपणे गिटारला स्पीकरची वायर जोडली. वर्षानुवर्षे न फिरलेली बटणे खरखरली. त्यांनी सगळ्यांत जाड तार छेडली. खरे सांगायचे तर आवाज काही स्वर्गीय वगैरे नव्हता. तारा जुन्या, मेलेल्या. गोधडीवर काठी मारल्यासारखा भद्द आवाज आला. पण खिडकीची काच थरथरली. "बसा, ऐका तरी," मास्तर म्हणाले. व्यापारी बसला नाही. म्हाताऱ्याला वेड लागलंय, असे जिन्यात मोठ्याने म्हणत तो निघून गेला.

शिष्येचा तोल सुटला. "जिंकलात ना? झालं समाधान? त्याचं काय गेलं? त्याच्याकडे कपाटभर आहेत. गेलं ते तुमचं. नको होतं तर सरळ नाही म्हणायचं! सोलायची काय गरज होती?"

"नाही म्हणता येत नव्हतं, म्हणूनच सोलला," मास्तर म्हणाले.

ती टोपलीतल्या बोळ्याकडे पाहू लागली.

"त्याने किंमत सांगितली तेव्हा मी मनातल्या मनात हो म्हणून बसलो होतो. तो आणखी एक चहा प्यायला असता, तर तोंडानेही म्हटलं असतं. मला पैसे नकोत असं वाटतं की काय तुला? ही बोटं मलाही दिसतात. पण त्या बाईंचं बोलणं आठव. नवऱ्याने हयातभर वाद्य जपलं, आणि बायकोला त्याचा आवाज ठाऊक नाही! हा व्यापारी पुन्हा तेच करायला निघाला होता. पेटी लाकडी नव्हे, काचेची, एवढाच काय तो फरक. आणि तो पैसा घेऊन मी काय केलं असतं? मीही बोटं जपत बसलो असतो. आज गारठा आहे, आज नको, उद्या वाजवू. जे वापरलं नाही तेच मौल्यवान, असं बाजार म्हणतो. म्हणू दे! माझ्या खोलीत तो भाव चालणार नाही. बोटं जाणारच आहेत, बाळ. खिशात घालून ठेवली तरी जाणार. मग मी त्यांना तारांवर जाऊ देईन."

शिष्येचा राग लगेच उतरला नाही. ती धुसफुसत होती, डोळे पुसत होती. पण जुन्या तारा उतरवून नव्या चढवायला तीच बसली.

गिटार त्या मोसमात वाजली. मांडवांत वाजली, शाळांच्या मैदानांवर वाजली, भोंग्यांच्या गोंगाटात आणि धुळीत वाजली. तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. पहिल्या कार्यक्रमाला त्या बाई आल्या होत्या. कसे वाटले ते बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या कार्यक्रमालाही आल्या. कडाक्याच्या थंडीत मास्तरांचा डावा हात अखेर थांबला तो थांबलाच. उरलेला मोसम शिष्येने पुरा केला आणि मास्तर पहिल्या रांगेत बसून तिच्या चुका मोजत राहिले.

लग्नसराई संपली आणि गिटार विकायची वेळ आली, तेव्हा व्यापारी पुन्हा जिना चढून आला. आता त्याचा सूर नरम होता. ओरखडे चालतील म्हणाला. मास्तरांनी वाजवलेले शेवटचे वाद्य म्हणून कपाटात ठेवीन, शेजारी त्यांचा फोटो लावीन, आणि पैसे तेवढेच देईन.

मास्तरांनी शिष्येकडे बोट दाखवले. "मोसम हिने पुरा केलाय. हिला विचारा."

शिष्येने एकवार मास्तरांच्या मांडीवर निपचित पडलेल्या हाताकडे पाहिले. मग गिटार उचलून तिने व्यापाऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"वाजवून दाखवा आणि घेऊन जा."

"तुम्हाला माहीत आहे, मला येत नाही."

"मग शिका. मी शिकवते. आधी ते हातमोजे काढा."

व्यापारी आपल्या हातांकडे पाहत राहिला. क्षणभर वाटले, काढतो की काय. मग त्याने गिटार अलगद खाटेवर ठेवली. "मी विकत घ्यायला आलोय, बाई. शिकायला नाही."

"मग नाही मिळायची," ती म्हणाली.

तो गेल्यावर मास्तरांनी मिस्किलपणे विचारले, "आणि माझ्या म्हातारपणाचं काय? तूच भांडली होतीस ना त्यावरून?"

"भांडलेच होते. अजूनही भांडेन," ती म्हणाली. "उद्यापासून नवीन मुलं शिकायला येणार आहेत. मी याच गिटारवर वाजवून दाखवणार, तुम्ही खुर्चीत बसून त्यांच्यावर ओरडायचं. फी निम्मी निम्मी."

मास्तर खुर्चीत सरळ होऊन बसले. घसा त्यांचा अजून खणखणीत होता.