अकराव्या धड्यावरचा कागद

एका गावात एक गुरुजी होते. अक्षर मोत्यासारखं, स्वभाव गरीब, आणि हाताला अशी टापटीप की शाळेतल्या चाळीस पुस्तकांपैकी एकाचाही कोपरा कधी दुमडलेला नसायचा.

चाळीसही प्रती एकाच पुस्तकाच्या, आणि त्या पुस्तकातला अकरावा धडा त्यांच्याच गावाचा होता. फार पूर्वी, एका दुष्काळात, खालच्या मुलखातले लोक पाणी मागत आले, तेव्हा गावाने वेशीचा दरवाजा लावून घेतला. दुसऱ्या दिवशी दरवाजा उघडला तर बाहेर तीन लेकरं मरून पडलेली. गावाला आपली लाज वाटली. गावाने वेशीबाहेर एक मोठा रांजण बसवला आणि शपथ घेतली, की हा रांजण उन्हाळ्यात कधी कोरडा पडू द्यायचा नाही. दर चैत्रात हा धडा वाचून झाला की मुलं कळशा घेऊन निघायची आणि रांजण भरून यायची. मग पाऊस पडेपर्यंत पाळीपाळीने भरायची.

धड्यात एक वाक्य असं होतं: ‘दरवाजा लावण्याचा हुकूम गावच्या पाटलांनी दिला.’ ते पाटील म्हणजे आताच्या पाटलांचे आजोबा. आता मुलं म्हटली की धडा मोठ्याने घोकणारच. पाटलांचा नातूसुद्धा ओसरीवर बसून हेच वाक्य घोकायचा, आणि आत पाटलांचा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

शेवटी पाटील राजधानीत गेले. दरबारात त्यांच्यासारखे बरेच जण निघाले. कुणाच्या आजोबांचा धडा होता, कुणाच्या पणज्याचा. सगळ्यांनी मिळून राजाकडून एक नियम करून घेतला: ‘ज्या धड्याने वडीलधाऱ्यांची मान खाली जाते, तो धडा शाळेत शिकवू नये.’ ऐकायला किती गोड! वडीलधाऱ्यांचा मान राखू नका, असं कोण म्हणेल?

पाटील नियमाचा कागद घेऊन शाळेत आले.

“गुरुजी, अकराव्या धड्यावर कोरा कागद चिकटवा. आठ दिवसांनी दरबारचा माणूस पाहून जाईल.”

“पण पाटील, धडा खरा आहे.”

“खोटा आहे असं मी कुठं म्हणतो? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरांच्या जिवाला कशाला घोर? आणि हो, तुमच्या जागेवर यायला दोघं जण तयार आहेत म्हणे.”

गुरुजी घरी आले. तीस धड्यांतला एक गेला तर असं काय बिघडतं, असं त्यांनी बायकोला सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं.

“अहो, एवढं समजावताय कुणाला?” बायको म्हणाली, आणि कागद चिकटवायच्या खळीसाठी कणीक काढून देऊन आपल्या कामाला लागली.

खळ गुरुजींनी स्वतः शिजवली. कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातला, एक गुठळी राहू दिली नाही. कागद असे बेतून कापले आणि असे बसवले, की बोट फिरवलं तरी कड लागू नये. खरं सांगायचं तर काम संपल्यावर त्यांना बरंही वाटलं. टापटिपीने केलेलं पाप माणसाला कामासारखंच वाटतं, ही खोड जुनीच आहे.

चैत्रात मुलं दहाव्या धड्यावरून थेट बाराव्यावर गेली. पुस्तक नुकतंच हाती आलेल्या दुसरीतल्या कुंदाने मधलं पान नखाने खरवडून पाहिलं.

“गुरुजी, ह्याच्या खाली काय आहे?”

“काही नाही. छापताना चुकलं होतं.”

कुंदाने लगेच मान डोलावली. गुरुजी म्हणतात म्हणजे तसंच असणार.

धडाच नाही, तर कळशा कशाला? त्या वर्षी रांजण कुणी भरला नाही. मोठ्यांनीही आठवण काढली नाही. आठवण काढली तर धडा आठवायचा. पुढच्या वर्षी रांजणात पाचोळा साचला. नवी मुलं विचारायची, हा रांजण कशाचा? कुणी म्हणे, चुना भिजवायचा असेल. गुरुजी ते ऐकायचे आणि उगाच खडू शोधायला लागायचे.

तिसऱ्या वर्षी पुन्हा दुष्काळ पडला. परके लोक आले की रोगराई आणतात, असं पाटलांनी गावभर सांगून ठेवलं होतं. एका दुपारी मोठी माणसं उन्हामुळे घराघरांत आडवी झाली होती आणि वेशीपाशी मुलंच खेळत होती. गुरुजी शाळेत पाट्या तपासत बसले होते, तोच कुंदा धावत आली.

“गुरुजी, खालच्या मुलखातले लोक आले होते! पाणी पाणी करत होते. आम्ही दरवाजा लावून घेतला. अडसर मी घातला, एकटीने! किती वेळ ठोकत होते, पण आम्ही नाही उघडलं.”

घामाघूम झालेली कुंदा समोर उभी राहिली. ती शाबासकीची वाट बघत होती.

गुरुजींच्या हातातली पाटी तिथेच राहिली. ते अनवाणी धावले. अडसर काढून बाहेर पाहतात तर रांजणाशी एक बाई बसलेली. तिचं लेकरू आत वाकून तळातला पाचोळा हाताने चाचपत होतं. शेजारी एक म्हातारा भिंतीला टेकून होता. कुंदा जवळच्या घरातून तांब्याभर पाणी घेऊन आली. बाई प्याली, लेकरू प्यालं. म्हातारा प्याला नाही. तो केव्हाच गेला होता.

कुंदा त्याच्यापुढे तांब्या धरून उभीच राहिली.

“गुरुजी, मी चुकले का?”

“तू नाही, बाळ.”

“मग कोण?”

गुरुजी मेल्याहून मेल्यासारखे झाले. तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

“मी,” ते म्हणाले. “त्या कागदाखाली हेच लिहिलं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोमट पाण्याचं पातेलं वर्गात आणलं आणि ते पान भिजवलं. पण खळ इतकी चोख झाली होती, की कागद निघाला तो अक्षरं घेऊनच. निम्मा धडा पानावर राहिला, निम्मा कागदाला उलटा चिकटून आला. चाळीसच्या चाळीस पुस्तकांची तीच गत. मग कुंदाने घरून आरसा आणला. कागद आरशासमोर धरला की अक्षरं सुलटी दिसायची. पण वाचायला वाकलं की वाचणाऱ्याचं तोंडही त्यात दिसायचं. सगळ्यांत आधी गुरुजींनी वाचलं, मोठ्याने, थांबत थांबत.

पाटलांना बातमी लागली. ते तरातरा आले.

“नियम मोडलात, गुरुजी!”

“मोडला. त्याआधी धडाही मीच झाकला. दोन्ही लिहून घ्या.”

तेव्हा आरसा पाटलांच्या नातवाच्या हातात होता. “आजोबा, हे वाक्य वाचून द्या ना,” तो म्हणाला. “बघा, हे पाटलांचं. नाही, असं नका वाकू, तुमचं तोंड मध्ये येतंय.”

पाटलांनी वाचलं. मग आरसा पालथा ठेवला आणि निघून गेले. महिन्याभरात गुरुजींची नोकरी गेली.

जाण्याआधी गुरुजींनी चाळीसही पुस्तकांत गेलेली अक्षरं शाईने भरून काढली आणि धड्याच्या शेवटी आपल्या हाताने लिहिलं: ‘पुढे याच शाळेच्या गुरुजींनी हा धडा झाकला, आणि खाली काही नाही असं मुलांना सांगितलं. त्यामुळे वेशीबाहेर एक म्हातारा तहानेने मेला.’ चाळीस वेळा लिहिलं, आणि चाळीसही वेळा त्यांचं अक्षर वेडंवाकडं आलं.

ते गाव सोडून निघाले तेव्हा वेशीबाहेर कुंदा रांजणात कळशी ओतत होती. तिने गुरुजींकडे पाहिलं नाही. गुरुजींचीही तिला हाक मारायची हिंमत झाली नाही. कळशी रिकामी झाली तशी ती दुसरी आणायला गेली.

तात्पर्य: मोठ्यांची चूक मुलांपासून झाकून ठेवली, की ती मुलांच्याच हातून पुन्हा घडते.