देवदारावरची मुकी घंटा

आपल्याकडे सूर्य मावळला की तो काही झोपायला जात नाही. फार फार पश्चिमेला, गवताच्या एका अफाट मुलखात जाऊन तो पुन्हा उगवतो. त्या मुलखातली माणसं गुरं राखतात, पण आपल्यासारखी काठी घेऊन नव्हे, ऐटीत घोड्यावर बसून! त्यांना काउबॉय म्हणतात. अशाच एका काउबॉयची टिली नावाची चिमुरडी होती. वय वर्षं सात, नाकावर बारीक बारीक ठिपके, आणि अंगात आईच्या जुन्या शालीचा कोट.

घरात पीठ बेताचं, सरपण त्याहून बेताचं. आई महिनाभर खोकत होती. बाबा मालकाबरोबर डोंगरापलीकडून तीनशे गुरं आणायला गेले होते, ते आज, नाताळच्या आदल्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत यायचे होते. टिलीला नाताळची दुसरी भेट नकोच होती. तिला बाबा हवे होते.

शहरातल्या मुली नाताळच्या झाडाला काचेचे रंगीत गोळे टांगतात. टिलीकडे ते कुठले असणार? पण रडत बसेल तर ती टिली कसली! तिनं खोगिराच्या कातड्याचे इवलेसे बूट शिवले, पत्र्याची लुकलुकती चांदणी कापली, आणि शिवताना आई बोटात घालायची त्या पितळी टोपणाची छोटुकली घंटा केली. आत लाल मण्याचा लोलक. मग घरामागच्या हिरव्यागार देवदारावर तिनं लांब काठीनं सगळं उंच टांगलं.

तेवढ्यात कुणीतरी मुसमुसलं. पाहते तर काय! कुंपणाच्या काटेरी तारेत एक परी अडकली होती. करंगळीएवढी, गुलाबी पंखांची, डोक्यावर बियांच्या टरफलाची टोपी आणि टाचांना घोडेस्वार लावतात तशा दवबिंदूंच्या आऱ्या.

"हलू नकोस हं," टिली म्हणाली, "नाहीतर पंख फाटेल." एकेक काटा बाजूला करत तिनं परीला सोडवलं. स्वतःच्या बोटाला टोचलं, तरी तिनं हात मागे घेतला नाही.

परी तिच्या तळहातावर बसली. "शहाणी गं माझी बाय! तुला दोन इच्छा देते. पण नियम ऐक. इच्छा या झाडावरच्या वस्तूंचीच मागायची. जी वस्तू मागशील ती खरीखुरी होईल, मोठी होईल. एकदा मागितलं की बदलायचं नाही. आणि त्यानंतर मी बोटसुद्धा लावणार नाही."

टिली विचार करत होती, तोच समोरून आमोस आजोबा आले. ते गुराख्यांचे म्हातारे आचारी. पायांना नुसती पोत्याची फडकी बांधून बर्फातली लाकडं वेचत होते.

"आजोबा, तुमचे बूट?"

"गेले गं पोरी, फाटून गेले. आता या पायांनी घरापर्यंत पोचलो तरी मिळवली."

टिलीनं एका क्षणात पहिली इच्छा मागितली. झाडावरचे बूट फुगले, चमकले आणि धप्पकन आजोबांपुढे पडले. खरे काउबॉयचे बूट, उंच टाचेचे, म्हणजे घोड्यावर असताना पाय खोगिराच्या रिकिबीतून पुढे घसरत नाही. आजोबांनी ते घातले आणि त्या वयात चक्क एक गिरकी घेतली!

पण ऊन कलायला लागलं आणि डोंगरावरून धुकं उतरलं. पांढरं, दाट, हातभर पुढचं दिसेना. आई दारात आली. धुक्याकडे बघत ती म्हणाली, "टिली, त्या वाटेच्या डाव्या हाताला दरी आहे गं. या धुक्यात गुरं तिकडे वळली, तर त्यांच्यामागे तुझे बाबाही..."

टिलीला म्होरक्या बैल आठवला. गुरं डोळ्यांनी चालत नाहीत, पुढच्या बैलाच्या घंटेमागे चालतात, असं बाबाच सांगायचे. ती ओरडली, "माझी घंटा खरी होऊ दे! मोठ्ठी होऊ दे!"

घंटा हंड्याएवढी झाली. सोन्यासारखी झळकली. वाऱ्यानं झोके घेऊ लागली. पण आवाज? छे, टण्ण नाही की टुण्ण नाही!

टिलीनं कपाळावर हात मारला. मुक्कामाला गुरांनी निवांत बसावं म्हणून काउबॉय घंटेचा लोलक चामड्याच्या वादीनं बांधतात आणि निघताना सोडतात. शिस्तीच्या बाबांची शिस्तीची लेक! तिनंही तो बांधला होता, वर निरगाठ मारली होती. घंटेबरोबर गाठही मोठी झाली होती.

परीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला हात लावता येत नाही गं."

"मला येतो ना!" टिली म्हणाली. पण फांदी उंच होती. तेवढ्यात बर्फ तुडवत, नव्या बुटांनी धावत, आमोस आजोबा आले. "चढ माझ्या खांद्यावर, पोरी!"

टिलीनं नखं लावली. गाठ हलेना. दात लावले. ओठ गारठले, डोळ्यांतून पाणी वाहिलं, पण तिनं दातांची पकड सोडली नाही. आणि एकदाची वादी सुटली!

टण्ण! टण्ण! टण्ण! सगळा डोंगर दणाणला. पलीकडून एक बैल हंबरला, मग दुसरा, मग सगळेच. सूर्याची शेवटची नारिंगी तिरीप धुक्यात शिरली आणि तीनशे गुरं शिंगं डोलावत उतरली. मागे बारा घोडेस्वार. त्यांत बाबा!

"दरीच्या काठावर होतो आम्ही," मालक घोड्यावरून उतरत म्हणाले. "म्होरक्या दरीकडे वळला होता, पण या आवाजानं सगळी गुरं मागे फिरली. टिलीच्या बाबांना वसंतापर्यंत घरी सुट्टी. आणि पीठ, सरपण, आईचं औषध माझ्याकडून."

काउबॉय आपली टोपी कुणापुढे सहजासहजी काढत नाही. ज्याला खरा मान द्यायचा त्याच्यापुढेच काढतो. बाबांनी टोपी काढून छातीशी धरली. मग मालकांनी. मग एकेक करत सगळ्या बाराजणांनी, सात वर्षांच्या पोरीपुढे!

परीनंही आपली टरफलाची टोपी काढली. "शेवटचं काम तुझ्या दातांचं होतं हं, माझं नव्हे," ती हसली. तिच्याभोवती सोनेरी, निळा, डाळिंबी उजेड फुलला, आणि देवदाराची पानन् पान उजळवत ती त्यात विरघळून गेली.

सगळे डोळे विस्फारून झाडाकडे बघत राहिले. टिलीला मात्र तेवढी सवड नव्हती. ती बाबांच्या खांद्यावर बसून घराकडे निघाली होती आणि सगळ्या मुलखाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "आई गं, चूल पेटव! बाबा आले!"