रेमेतबायचं चौथं रहस्य

वसईच्या किनाऱ्यावर माडबंदर नावाचं कोळ्यांचं एक गाव होतं. सत्तर-ऐंशी उंबरे, माडांच्या आत एक चर्च, आणि दर्याच्या तोंडाशी दगडी चौथऱ्यावर एक क्रूस. या गावात फादर कैतान बावीस वर्षं राहिले. सुका बोंबील आणि तांदळाची भाकर हे त्यांचं जेवण, आणि आजारी माणसाच्या दारी न बोलावता जायचं ही त्यांची सवय. त्यांच्या आठवणी गावात पुष्कळ सांगतात. त्यांतली बस्त्याव तांडेलाची आठवण मी सांगतो, कारण ती बस्त्यावने स्वतःच गावाला सांगितली आणि सांगताना स्वतःची बाजू एकदाही सावरून घेतली नाही.

तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. बस्त्यावसारखा तांडेल त्या पट्ट्यात दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट इतरांच्या आधी त्याला स्वतःला ठाऊक होती! पाण्याचा रंग पाहून तो खोली सांगे, वाऱ्याचा वास घेऊन भरतीची वेळ सांगे. प्रार्थनेला तो यायचा, नाही असं नाही. पण मागच्या रांगेत, हात पाठीशी बांधून, घाईत असलेल्या माणसासारखा उभा राहायचा.

गावाची रीत अशी होती की रोज संध्याकाळी दर्यावरच्या क्रूसापाशी सगळ्यांनी जमायचं आणि माळेचा एकेक मणी सरकवत रोझरी म्हणायची. एकाने ‘नमो मरिये’ म्हणून प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी ‘पवित्र मरिये’ म्हणून उरलेला. असे दहा मणी झाले की एक रहस्य पुरं झालं. पाच रहस्यं झाली की रोझरी संपली आणि माणसं जेवायला मोकळी.

प्रार्थना सांगायचं काम फादरांनी रेमेतबायकडे दिलं होतं. ती जाळी विणून पोट भरणारी एकटी बाई. आवाज इतका बारीक की तिसऱ्या रांगेपलीकडे पोचत नसे. त्यात तिचा हिशेब नेहमी चुकायचा. दहा मण्यांच्या जागी कधी बारा, कधी चौदा. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुःखाची रहस्यं असत तेव्हा, तर हमखास. बस्त्यावला याचा भारी कंटाळा. एका संध्याकाळी तो सगळ्यांदेखत म्हणाला की बाय, तू माझ्या होडीवर असतीस तर पहिल्याच दिवशी तुला उतरवून दिलं असतं. लोक हसले. रेमेतबायने पदर सारखा केला.

तेवढ्यावर थांबेल तर तो बस्त्याव कसला! तो फादरांकडे वळला. “फादर, एक विचारतो. तेच ते पन्नास वेळा कशाला? आईला एकदा हाक मारली तर ऐकू येत नाही काय?”

फादर रागावले नाहीत. त्यांना राग येताना कुणी पाहिलंच नव्हतं.

“तिला पहिल्यांदाच ऐकू येतं, बस्त्याव,” फादर म्हणाले. “पुन्हा पुन्हा म्हणायचं ते आपल्यासाठी. तोंड नमो मरिये म्हणतं आणि मन तिचा हात धरून तिच्या लेकाच्या मागोमाग चालतं. आनंदाच्या रहस्यांत त्याच्या पाळण्यापाशी थांबायचं. गौरवाच्या रहस्यांत त्याच्या रिकाम्या कबरीपाशी. आणि दुःखाच्या रहस्यांत बागेतल्या प्रार्थनेपासून फटक्यांपर्यंत, काट्यांच्या मुकुटापर्यंत. चौथ्यात तो क्रूस खांद्यावर घेऊन वाटेने चाललेला असतो. पाचव्यात तो त्याच क्रूसावर मरतो. आईला सोडून ही वाट चालवत नाही, म्हणून तिला हाक.”

बस्त्याव म्हणाला, बोलणं गोड आहे, पण दहा म्हणजे दहा. आणि तो घरी गेला.

पौष महिन्यातल्या एका शुक्रवारची गोष्ट. पहाटे गावाच्या पाच होड्या जाळी उचलायला गेल्या. उजाडता उजाडता समुद्रावर धुकं धरू लागलं तसे चार तांडेल मुकाट्याने परत फिरले. बस्त्यावने आणखी एक जाळं उचलायचं ठरवलं. त्याचा धाकटा भाऊ दुमिंग म्हणाला, दादा, निघू या. बस्त्याव म्हणाला, मला डोळे बांधून सोड, तरी तुला घरी नेतो.

जाळं उचलून होईपर्यंत होडीतून स्वतःच्या वल्ह्याचं टोकही दिसेना. वारा पडला, शीड लोंबकळलं. होडीत पाच जणं, सगळी बायकापोरांची. भरती लागली होती आणि होडीला किनाऱ्याकडे ओढत होती, पण ते काही सुख नव्हतं. माडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी काळी तिवई नावाचे तीन खडक आहेत. भरतीत ते पाण्याखाली जातात आणि होडीचा तळ फाडतात. त्यांच्या उजवीकडून निघालं तर गाव, डावीकडे गेलं तर कुणी परत येत नाही. नांगर टाकून पाहिला. तळ खडकाळ, नांगर धरेना. लाटा फुटल्याचा आवाज यायचा, पण धुक्यात तो चहूकडून आल्यासारखा वाटे. सगळे बस्त्यावकडे बघत होते आणि बस्त्यावला काहीएक कळत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला भीती वाटली. ती स्वतःपेक्षा दुमिंगची वाटली. आईला काय सांगायचं, हेच त्याच्या मनात येत राहिलं.

त्याच वेळी त्याला आवाज आला. “नमो मरिये...”

बारीक, चिरका, म्हातारा आवाज. रेमेतबायचा! बस्त्यावने दुमिंगला विचारलं, ऐकलंस का? दुमिंगला काही ऐकू आलं नव्हतं, आणखी कुणालाही नाही. किनारा तिथून अर्धा कोस तरी दूर होता. भ्रम झाला म्हणून बस्त्यावने मान झटकली. मग पुन्हा आला, होडीच्या उजव्या अंगाने. त्याने बाकीच्यांना वल्ही मारायला सांगितली आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उजवीकडे वळवली. सुकाणू त्याच्या हातात होतं. एकदा ऐकून दिशा धरता येत नाही. होडी जरा वळली की पुन्हा ऐकावं लागतं. आणि तो आवाज पुन्हा येत होता, थोडं थांबून पुन्हा, तेच शब्द, त्याच चालीत.

गाव आपल्यासाठी सकाळीच क्रूसापाशी जमलं असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. शुक्रवार होता, म्हणजे दुःखाची रहस्यं. एवढा वेळ प्रार्थना चालली आहे तर आता संपत आली असणार. पाच रहस्यं झाली की बाय माळेला ओठ लावेल, लोक उठतील, आणि आपण इथे खडकावर. त्याने मणी मोजायला सुरुवात केली. सात, आठ, नऊ, दहा. आता थांबणार. आणि ज्या माणसाने गावासमोर त्या बाईचं हसू केलं होतं तो सुकाणू छातीशी धरून पुटपुटू लागला, “चूक गं बाय. आज चूक.”

अकरावा मणी आला. बारावा आला. तिसाव्यापर्यंत त्याने मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं. डाव्या हाताला अगदी जवळ पाणी खळाळून फुटलं, काळी तिवई मागे पडली. थोड्या वेळाने होडीचा तळ वाळूला लागला. पाचही जण पाण्यात उड्या टाकून काठाला आले.

क्रूसापाशी सगळं गाव गुडघ्यावर होतं. सकाळी चार होड्या आल्या आणि पाचवी आली नाही तेव्हा लोकांनी पितळी ताटं बडवली होती, हाका मारल्या होत्या, घसा बसेपर्यंत. चर्चची घंटा मनोऱ्याच्या दुरुस्तीसाठी खाली उतरवलेली होती. शेवटी फादर क्रूसापाशी आले आणि रेमेतबायला म्हणाले, बाय, सांग. ताटं होडीत कुणाला ऐकू आली नव्हती. सगळ्या गावाने एका आवाजात म्हटलेलं ‘पवित्र मरिये’सुद्धा नाही. एका बस्त्यावला ऐकू आला तो फक्त तिसऱ्या रांगेपलीकडे न पोचणारा आवाज. हे कसं घडलं ते ज्याने घडवलं त्याला ठाऊक. आपण सांगणारे, आपण हात जोडावे.

बस्त्याव ओल्या अंगाने आला तो थेट फादरांच्या पायांवर कोसळला. फादरांनी त्याला दंडाला धरून उठवलं.

“माझे पाय कशाला धरतोस? मी नुसता उभा होतो,” फादर म्हणाले. “मघाशी मीच एकदा तिला म्हणालो, बाय, चौथं रहस्य होऊन गेलं, पाचवं घे. तिने ऐकलं नाही. का ते तिलाच विचार.”

बस्त्याव रेमेतबायपुढे जाऊन उभा राहिला. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि हातातली माळ अजून चौथ्या रहस्याच्या मण्यांवर होती. त्याला विचारायचं धाडस होईना. तीच बोलली. तिचा एकुलता लेक नातल असाच दर्यावर गेला होता, बारा वर्षांपूर्वी, आणि आला नाही. तेव्हापासून चौथ्या रहस्याला ती अडायची. लेक क्रूस घेऊन चालला आहे, आई वाटेच्या कडेला उभी आहे, आणि पुढचं रहस्य घेतलं की तो मरणार. तिचं पाऊल उचलत नसे. मणी सरत आणि ती तिथेच राही.

“आज तुम्ही पाच जणं वाटेवर होतात,” ती म्हणाली. “वाटेवर आहेत तोवर पाचवं कसं म्हणू रे?”

बस्त्याव रडला. ताठ मानेचा माणूस, सगळ्या गावासमोर, तोंड न झाकता रडला. मग त्याने तिच्या पायांपाशी वाळूत डोकं टेकवलं. ती अवघडून मागे सरली, ऊठ ऊठ म्हणाली, अंग पूस, गारठशील म्हणाली. तो उठला नाही.

“पाचवं राहिलंय ना, बाय?”

“राहिलंय.”

“ते मी सांगतो. तुझ्या नातलसाठी.”

रेमेतबायने फादरांकडे पाहिलं. फादरांनी मान हलवली. तिने माळ बस्त्यावच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच क्रूसाकडची जागा सोडून लोकांमध्ये जाऊन गुडघे टेकले. बस्त्यावने पहिला मणी धरला. त्याचा आवाज फुटत होता, पण तो म्हणत गेला, आणि प्रत्येक वेळी सगळ्यांच्या आधी रेमेतबायचं उत्तर येत होतं.